फेडरल सिस्टीममध्ये पीएची ग्रेड कशी ठरते, आणि तयारी कुठून सुरू करायची

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एका ताईंनी भारतात बीडीएस केलंय, लग्नानंतर अमेरिकेत आल्या, आत्ताच ग्रीन कार्ड हातात आलंय. त्यांना इथे पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या टीममध्ये राहून पेशंट तपासणारे आणि उपचार करणारे) होऊन व्हीए म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या सरकारी ठिकाणी काम करायचंय. त्यांनी विचारलंय की नक्की पात्रता काय लागते, कुठल्या लेव्हलला घेतात, पुढे वर चढता येतं का, बीडीएसचा काही उपयोग होतो का, आणि अजून एखादी डॉक्टरेट केली तर ग्रेड लवकर वाढेल का.

मी बरीच वर्षं फेडरल म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या सिस्टीममध्ये पीए आहे, आणि नवीन येणाऱ्यांच्या फाइली बघून ग्रेड म्हणजे पगाराची लेव्हल ठरवणाऱ्या बोर्डावरही बसलेय. त्यामुळे जे सांगते ते दोन्ही बाजूंनी बघून सांगते. सगळ्यात महत्त्वाचं हे की ग्रेड ठरवणारी माणसं बहुतेक वेळा तुम्हाला भेटलेली नसतात, ती तुमची फाइल वाचतात. तुम्ही किती हुशार आहात, पेशंटशी किती छान वागता, हे इंटरव्ह्यू घेणाऱ्याला कळतं, पण लेव्हल फाइलवरून ठरते. जे लिहिलेलं नाही ते बोर्डासाठी झालेलंच नाही. म्हणून तयारी नोकरी शोधताना सुरू करायची नसते, ती आत्ता, पीएच्या शाळेच्या आधीपासूनच सुरू करायची.

आता बीडीएस. ताई, हे सरळच सांगते, परदेशातली डिग्री, मग ती बीडीएस असो, एमबीबीएस असो की बीएएमएस, तिच्या जोरावर इथे पीएची परीक्षा देता येत नाही. परीक्षेचं नाव पॅन्स, ती एनसीसीपीए नावाची संस्था घेते, आणि तिला बसायला एआरसी-पीए या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या पीए प्रोग्राममधून पास व्हावंच लागतं. त्याला शॉर्टकट नाही. कुणी एजंट "तुमच्या अनुभवावर थेट पीए करून देतो" म्हणाला तर त्याच्याकडे एक डॉलरही देऊ नका. हे प्रोग्राम आता मास्टर्स लेव्हलचे आहेत, साधारण सव्वादोन वर्षं सलग चालतात, पहिला भाग वर्गातला आणि दुसरा भाग रोटेशनचा म्हणजे वेगवेगळ्या विभागांत प्रत्यक्ष शिकण्याचा, त्यात फॅमिली मेडिसिन, इंटरनल मेडिसिन, सर्जरी, इमर्जन्सी, पेडियाट्रिक्स, विमेन्स हेल्थ, मानसिक आरोग्य असं सगळं येतं आणि क्लिनिकलचे 2000 च्या वर तास होतात. या काळात नोकरी करणं जवळपास अशक्य असतं, ते घरात आधीच बोलून ठेवा.

बीडीएसचा उपयोग होतो तो वेगळ्या जागी. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी तुम्ही एकदा घासून केलेलं असतं, त्यामुळे पहिलं वर्ष इतरांच्या मानाने झेपतं, आणि लोकल अनेस्थेशिया दिलेला, टाके घातलेला हात प्रोसिजर शिकताना दिसून येतो. पण अ‍ॅडमिशनसाठी बहुतेक शाळांना काही प्रीरिक्विझिट म्हणजे आधीच करून यायचे विषय अमेरिकन कॉलेजातून केलेले लागतात, भारतातल्या मार्कशीटचं कोर्स-बाय-कोर्स मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि पेशंट केअरचे तास शाळेप्रमाणे बदलतात. भारतातली दंत प्रॅक्टिस कुठली शाळा धरते, कुठली नाही धरत, तेव्हा प्रत्येक शाळेला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. सोबत इथे मेडिकल असिस्टंट किंवा ईएमटी (अँब्युलन्सवर काम करणारे) म्हणून काम केलंत तर दुहेरी फायदा, तास पण मिळतात आणि इथली पद्धत, इथलं इंग्लिश, इथला पेशंट कळतो. शक्य असेल तर हे काम सरकारी किंवा कम्युनिटी क्लिनिकमध्येच करा, पुढे का ते कळेल.

आता नागरिकत्वाचा मुद्दा, जो आपल्या लोकांना फार उशिरा कळतो आणि मग खूप वाईट वाटतं. फेडरल सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड पुरत नाही. व्हीएच्या कायद्यात एक सोय आहे, लायक नागरिक मिळतच नसेल तर नागरिक नसलेल्या माणसाला घेता येतं, पण त्या भरवशावर करिअर आखू नका, पीएच्या बाबतीत ती वेळ क्वचित येते. मात्र तुमच्या केसमध्ये वेळेचं गणित चांगलं जुळतंय असं मला वाटतं. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून साधारण 5 वर्षांनी नागरिकत्वासाठी पात्र होता आणि अर्ज त्याच्या 90 दिवस आधी टाकता येतो. प्रीरिक्विझिट आणि तास यात एक-दीड वर्ष, अर्जाची सायकल जवळपास वर्षभर, मग सव्वादोन वर्षं शाळा, म्हणजे तुम्ही पास होऊन बाहेर पडाल तेव्हा नागरिकत्व अगदी जवळ आलेलं असेल. मधले काही महिने कम्युनिटी हेल्थ सेंटर, काउंटी हॉस्पिटल किंवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलमध्ये काम करा, तिथे साधारणपणे ग्रीन कार्ड चालतं आणि तो अनुभव नंतर फेडरल ग्रेडला मोजला जातो. फक्त या 5 वर्षांत भारतात सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहू नका, नागरिकत्वाच्या मुदतीला अडचण येते.

(जे अजून वर्क व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी एक ओळ: पीए हा असा व्यवसाय आहे ज्यात इथे शिकलात तरी व्हिसासाठी वेगळं हेल्थकेअर वर्कर सर्टिफिकेट लागतं. वकिलाला हे आधीच विचारा, ऑफर आल्यावर धावपळ नको.)

पॅन्समध्ये 300 प्रश्न असतात, 60 चे पाच ब्लॉक. पास झालात की नावापुढे पीए-सी लागतं. ते टिकवायला दर दोन वर्षांनी 100 सीएमई म्हणजे पुढच्या शिक्षणाचे क्रेडिट आणि 10 वर्षांच्या सायकलमध्ये एकदा रीसर्टिफिकेशन. फेडरल नोकरीत हे सर्टिफिकेशन लॅप्स होणं म्हणजे फार गंभीर गोष्ट, कारण नोकरीची अटच ती असते, तेव्हा तारखा कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. लायसन्स स्टेटचं असतं, पण फेडरल जागांवर साधारणपणे कुठल्याही एका स्टेटचं चालतं, म्हणजे टेक्सासचं लायसन्स घेऊन तुम्ही अ‍ॅरिझोनाच्या फेडरल क्लिनिकमध्ये काम करू शकता. नवऱ्याच्या बदलीमुळे स्टेट बदलावी लागणाऱ्या बायकांसाठी हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

आता लेव्हल. इथे दोन वेगळ्या सिस्टीम आहेत आणि लोक त्या एकत्र करून गोंधळ घालतात.

पहिली म्हणजे जनरल शेड्यूल, जीएस. आर्मी-नेव्हीच्या हॉस्पिटलमधली सिव्हिलियन पदं, इंडियन हेल्थ सर्व्हिसमधली बरीच पदं यात येतात. पीएचा सीरिज नंबर 0603, यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या वेबसाइटवर हाच टाकून शोधा. जीएसमध्ये 15 ग्रेड, प्रत्येक ग्रेडमध्ये 10 स्टेप म्हणजे पगाराच्या पायऱ्या. पीएच्या जाहिराती जास्त करून 11 आणि 12 च्या दिसतात, सुपरवायझर असेल तर त्याच्या वर. इथे ग्रेड त्या खुर्चीची असते. खुर्ची 11 ची असेल तर तुमच्याकडे वीस वर्षांचा अनुभव असला तरी तुम्ही 11 वरच बसणार, वर जायचं तर वरच्या खुर्चीसाठी अर्ज करायचा. आणि वरच्या ग्रेडसाठी साधारण नियम असा की लगेच खालच्या ग्रेडच्या तोडीचा एक वर्षाचा स्पेशलाइज्ड अनुभव दाखवावा लागतो. "तोडीचा" हे लक्षात घ्या, म्हणजे बाहेरच्या क्लिनिकमधला अनुभव चालतो पण तो त्या ग्रेडच्या कामाच्या बरोबरीचा होता हे तुमच्या रेझ्युमेवरून समोरच्याला दिसलं पाहिजे.

स्टेप आपोआप वाढतात, काम समाधानकारक असेल तर. पहिल्या तीन वाढी दर वर्षी, पुढच्या तीन दर दोन वर्षांनी, शेवटच्या तीन दर तीन वर्षांनी, म्हणजे स्टेप 1 ते 10 ला 18 वर्षं लागतात. त्यामुळे तुम्ही सुरुवात कुठल्या स्टेपवर करता याला खूप किंमत आहे. आणि इथे बहुतेक लोक गप्प बसून नुकसान करून घेतात. एचआर साधारणपणे स्टेप 1 ची ऑफर देतं. तुमची पात्रता चांगली असेल तर वरची स्टेप मागता येते, तसा नियमच आहे, पण ती मंजुरी जॉइन व्हायच्या आधी झालेली पाहिजे, जॉइन झाल्यावर काही होत नाही. सुट्टीचंही तसंच, जीएसमध्ये नवीन माणसाला वर्षाला 13 दिवस रजा, 3 वर्षांनंतर 20, 15 वर्षांनंतर 26. बाहेरच्या संबंधित अनुभवाची वर्षं यात धरून घ्यायची सोय आहे, तीही आधीच लेखी मागायची. नम्रपणे एक ईमेल टाकायचा, अनुभवाची पत्रं जोडायची. कुणी रागावत नाही. आपल्याकडे मागणं म्हणजे उद्धटपणा असं डोक्यात असतं, इथे ते नॉर्मल समजतात.

दुसरी सिस्टीम व्हीएची, टायटल 38 (व्हीएच्या कायद्याचा भाग). व्हीए आणि पीए यांचं नातं जुनं आहे, ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. यूजीन स्टेड यांनी 1965 मध्ये नेव्हीतून आलेल्या कोअरमनना (नेव्हीतले वैद्यकीय मदतनीस) घेऊन पहिला पीए प्रोग्राम सुरू केला, 1967 मध्ये पहिली बॅच बाहेर पडली आणि तेव्हापासूनच व्हीएमध्ये पीए आहेत. आज पीएंना नोकरी देणारी सगळ्यात मोठी एकच संस्था म्हणजे व्हीए. इथे पीए डॉक्टर आणि नर्सच्याच कायदेशीर गटात येतात. ग्रेडची नावं असोसिएट, फुल, इंटरमीडिएट, सीनियर, चीफ अशी वर जातात. आणि मुख्य फरक असा की इथे ग्रेड बऱ्याच अंशी माणसाची असते, खुर्चीची नाही. तुमचं शिक्षण, अनुभव आणि कामाचा दर्जा बघून प्रोफेशनल स्टँडर्ड्स बोर्ड शिफारस करतं, त्या बोर्डावर तुमच्यासारखेच पीए असतात. एकाच क्लिनिकमध्ये एकच काम करणारे दोन पीए वेगवेगळ्या ग्रेडवर असू शकतात. पगाराबद्दल पूर्वी बरीच नाराजी होती, बाहेरच्या मार्केटपेक्षा मागे पडायचे, मग 2017 च्या कायद्याने पीएंना नर्ससारख्या स्थानिक मार्केट बघून पगार ठरवायच्या पद्धतीत आणलं, त्यामुळे शहराप्रमाणे फरक पडतो. रजा इथे पहिल्या दिवसापासून वर्षाला 26 दिवस, जीएसवाल्याला त्यासाठी 15 वर्षं थांबावं लागतं. लहान मुलं असतील तर हा फरक पगाराच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. प्रोबेशन मात्र 2 वर्षांचं असतं.

नवीन पास झालेली व्यक्ती खालच्या ग्रेडवर येते, त्यात कमीपणा नाही. दोन-चार वर्षांत स्वतःचं पॅनल म्हणजे ठरलेले पेशंट स्वतः सांभाळणारी पीए मधल्या ग्रेडला पोचते. खरी अडचण त्याच्या पुढे येते. सीनियरला जाताना बोर्ड विचारतं की तुमच्या नेहमीच्या कामापलीकडे तुम्ही काय केलंत, त्याचा पेशंटच्या काळजीवर काय परिणाम झाला. आणि इथे फाइलमध्ये काय येतं तर "मेहनती आहे, टीममध्ये चांगली मिसळते, दिवसाला इतके पेशंट बघते". हे वाचून बोर्डाला काहीच करता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: डायबेटिसच्या ज्या पेशंटांचा ए-वन-सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) 9 च्या वर होता त्यांची यादी काढली, फार्मसिस्टबरोबर दर आठवड्याला रिव्ह्यू सुरू केला, सुरुवातीला किती जण होते आणि वर्षाने किती राहिले, ही पद्धत मग दुसऱ्या कुठल्या क्लिनिकने उचलली. किंवा ऑर्थोमध्ये असाल तर गुडघ्याच्या इंजेक्शनचं क्लिनिक स्वतंत्रपणे चालवता, कुणाला शिकवता, गुंतागुंत कशी ट्रॅक करता. आकडे तुमचे स्वतःचे, खरे, आणि पडताळून बघता येतील असे. मी बोर्डावर असताना मनापासून वाईट वाटायचं ते अशा लोकांचं ज्यांचं काम खरोखर सीनियरच्या तोडीचं असायचं पण फाइलमध्ये त्याचा मागमूस नसायचा, कारण वर्षभर कुणी काही टिपून ठेवलेलं नसायचं आणि मूल्यमापनाच्या आदल्या रात्री आठवत बसायचं.

म्हणून एक साधी वही किंवा डॉक्युमेंट ठेवा, महिन्यातून एकदा चार ओळी. पेशंटचं नाव, नंबर काहीही त्यात नको, फक्त काय केलं, कुणाबरोबर, काय बदललं. आपल्या मराठी बायकांना स्वतःबद्दल "मी केलं" असं लिहायला फार जड जातं, सगळीकडे "आम्ही" लिहितात. टीमला श्रेय द्या, जरूर द्या, पण त्यात तुमचा वाटा कुठला हे स्पष्ट लिहा, नाहीतर बोर्डाला तो शोधता येत नाही.

सरकारी अनुभव आधीपासून घ्या असं वर म्हटलं त्याचं कारणही हेच. रोटेशन व्हीएमध्ये केलंत तर तिथल्या लोकांना तुम्ही माहिती असता आणि सिस्टीम माहिती असल्याचा पुरावा फाइलमध्ये असतो. शाळेला आधीच विचारा की त्यांचा जवळच्या व्हीएशी करार आहे का, शाळा निवडतानाच हा प्रश्न विचारा.

क्रेडेन्शियलिंगबद्दल तुमच्यासाठी खास सांगते. व्हीएमध्ये तुमची प्रत्येक डिग्री, प्रत्येक लायसन्स मूळ ठिकाणाहून तपासतात, आणि आजपर्यंत धरलेलं प्रत्येक लायसन्स विचारतात, आत्ता चालू असलेलंच नाही. म्हणजे भारतातल्या डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही सांगायचं. ते तुम्ही रिन्यू केलं नसेल तर काही बिघडत नाही, पण लपवलं किंवा विसरलं तर प्रामाणिकपणावर प्रश्न येतो. पुढच्या भारतवारीत कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं पत्र आणि कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्टच्या सीलबंद प्रती घेऊन या. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट, पासपोर्ट सगळीकडे स्पेलिंग जुळवून ठेवा. मुलांसाठी घरी राहिलात ती वर्षं सरळ तशीच लिहा, तारखांसकट, गॅप असणं ही अडचण नाही, न सांगितलेला गॅप ही अडचण आहे. ही सगळी प्रक्रिया काही महिने खाते, तोपर्यंत हातातली नोकरी सोडू नका, फायनल ऑफर आणि जॉइनिंगची तारीख लेखी आली की मगच राजीनामा.

बाकीची ठिकाणं पटकन. इंडियन हेल्थ सर्व्हिस म्हणजे नेटिव्ह अमेरिकन लोकांसाठीची आरोग्यसेवा, जागा बऱ्याचदा दूरच्या असतात, तिथे नेटिव्ह अमेरिकन उमेदवारांना कायद्याने प्राधान्य आहे, पण पीएंची गरज खूप असते आणि कामाचा आवाका इतका मोठा की दोन वर्षांत शहरातल्या पाच वर्षांइतकं शिकता. फेडरल तुरुंगातली नोकरी लॉ एन्फोर्समेंटच्या रिटायरमेंटमध्ये येते, 20 वर्षं सेवा झाली तर 50 व्या वर्षी निवृत्त होता येतं, मात्र भरतीला वयाची अट असते, जाहिरात नीट वाचा. पब्लिक हेल्थ सर्व्हिसचा कमिशन्ड कोअर म्हणजे युनिफॉर्मची सेवा, तिथे लेव्हल सैन्यासारख्या रँकने चालते, नागरिकत्व आणि वयाची अट कडक. सैन्याचा स्वतःचा पीए प्रोग्रामही आहे, सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्युस्टनला, पण तो मुख्यतः आधीच सेवेत असलेल्यांसाठी.

पैशांचं. शाळा महाग आहे, आणि ग्रॅड प्लस नावाचं फेडरल कर्ज नवीन विद्यार्थ्यांना 1 जुलै 2026 पासून बंद करणारा कायदा 2025 मध्ये झालाय, तेव्हा जुन्या ब्लॉग्जमधली "सगळी फी फेडरल लोनने भरा" ही माहिती आता धरू नका. ग्रीन कार्डवर बाकीची फेडरल लोन मिळतात. नंतर फेडायला मदत होते: व्हीएच्या एज्युकेशन डेट रिडक्शन प्रोग्राममध्ये 5 वर्षांत 2,00,000 डॉलरपर्यंत, पण तो प्रत्येक जागेला नसतो, जाहिरातीत लिहिलंय का ते बघा आणि ऑफरच्या वेळी लेखी घ्या. सरकारी नोकरीत 120 पात्र हप्ते भरल्यावर उरलेलं फेडरल कर्ज माफ होण्याची पीएसएलएफ योजना आहे, तिचा एम्प्लॉयरचा फॉर्म दर वर्षी भरून ठेवा, दहा वर्षांनी एकदम नाही. वर सांगितलेल्या कम्युनिटी हेल्थ सेंटरचे महिनेही यात धरले जाऊ शकतात, तिथे फुलटाइम असाल आणि ते नॉन-प्रॉफिट असेल तर.

शेवटचा प्रश्न होता की अजून एखादी डॉक्टरेट केली तर ग्रेड लवकर वाढेल का. माझं मत, सुरुवातीला नको. त्याऐवजी व्हीएमध्ये पीएंसाठी एक वर्षाच्या रेसिडेन्सी आहेत, मानसिक आरोग्य, इमर्जन्सी, प्रायमरी केअर-जेरियाट्रिक्स अशा, पगार कमी असतो पण त्या वर्षात हात तयार होतो आणि सिस्टीममध्ये ओळख होते. नंतर आपल्या स्पेशालिटीत एनसीसीपीएचं सीएक्यू म्हणजे त्या स्पेशालिटीचं जादा सर्टिफिकेट करा, ते कामाशी थेट जोडलेलं असतं आणि बोर्डाला समजतं. डॉक्टरेटचा विचार शिकवण्यात किंवा चीफच्या वाटेवर जायचं असेल तेव्हा करा, तोवर नोकरीच्या ठिकाणाकडून फीला काही मदत मिळते का तेही कळलेलं असेल. आत्ता या महिन्यात मात्र जवळच्या दोन-तीन शाळांची प्रीरिक्विझिटची यादी काढा, बीडीएसचं ट्रान्सक्रिप्ट मूल्यमापनाला पाठवा आणि यूएसएजॉब्सवर 0603 चा सेव्ह्ड सर्च लावून ठेवा. अर्ज करायला अजून वेळ आहे, पण जाहिरातींमध्ये अनुभवाचं वर्णन कसं लिहितात ते वाचत राहिलात की स्वतःचं लिहायची भाषा हळूहळू येते.